टाकीतले तोडगे

पेट्रोलचा भाव चढला की बैठकीबैठकींतून एक नवे शास्त्र जन्माला येते. कोणी सांगतो, टाकीत दोन डांबरगोळ्या टाका, गाडी लिटरमागे दहा किलोमीटर जास्त धावते. कोणी कापराची वडी सुचवितो, कोणी रंगाच्या दुकानातला थिनर. ट्रॅक्टरवाला डिझेलमध्ये थोडे गोडे तेल ओतून पाहतो. दुसरा इंजिनातून काढलेले काळे ऑइल गाळून पुन्हा टाकीत सोडतो. आणि आपला हा अर्जुनी मोरगावचा मुलूख पडला झाडीचा. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोह वेचायला टोपल्या घेऊन निघालेली माणसे येथे नवी नाहीत. तेव्हा एखादा हटकून विचारतोच, की पहिल्या धारेची मोहाची काडी लावताच भडकन पेटते, मग ती मोटारसायकलीला का चालू नये?

ह्या प्रश्नांना हसण्याची चाल आहे. आम्हांला ती पसंत नाही. प्रश्न विचारणारा मूर्ख नसतो. त्याने कुठे ना कुठे तसे चालताना पाहिलेले असते. तोडग्यांच्या मुळाशी गेले तर बहुतेकांच्या तळाशी एखादे खरोखरीचे इंजिन सापडते, ज्याला तो पदार्थ मानवत होता. चूक होते ती पुढे. इंजिन बदलते, तोडगा तसाच राहतो. शिवाय तोडग्याच्या मुळाशी आणखी एक वस्तू असते. ती रसायनाची नव्हे, भावाची. तिच्याकडे आपण ओघाने येऊच.

प्रथम इंजिनात घडते काय ते पाहू. नळकांड्यात हवा आणि पेट्रोलची वाफ शिरते, दट्ट्या तिला दाबतो, ठिणगी पडते, मिश्रण जळते व तापलेला वायू दट्ट्याला खाली ढकलतो. येथे दोन अटी आहेत. एक, इंधनाची वेळेवर वाफ झाली पाहिजे. दुसरी, मिश्रण ठिणगीची वाट पाहत थांबले पाहिजे. दाबामुळे ते तापते, आणि ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकले तर दट्ट्यावर घणाचा घाव बसल्यासारखा आवाज येतो. चढावर गाडी 'ठोकते' असे मिस्त्री म्हणतात ते हेच. हा दम धरण्याचा गुण ज्या आकड्याने मोजतात त्याला ऑक्टेन अंक म्हणतात. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा हा अंक ९१ किंवा त्याहून वर असतो. रॉकेलचा अंक त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास घुटमळतो.

टाकीत काहीतरी मिसळून हा दम वाढविण्याचा सर्वांत मोठा उद्योग कोण्या खेड्यातल्या मिस्त्रीने नव्हे, तर अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी केला. १९१६ साली टॉमस मिजली ह्या तरुण इंजिनियराला त्याचे वरिष्ठ चार्ल्स केटरिंग ह्यांनी ठोक्याचे कारण शोधावयास लावले. मिजलीची कल्पना अशी, की इंधनाला तांबडा रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषून घेईल आणि ठोका थांबेल. प्रयोगशाळेत तांबडा रंग सापडेना, म्हणून त्याने आयोडीन घातले. आणि ठोका थांबला! पुढे त्याने इतर तांबडे रंग आणून घातले तेव्हा काहीच झाले नाही. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. आमच्या मते हा प्रसंग प्रत्येक तोडगेवाल्याने ध्यानात ठेवावा असा आहे. पहिल्या प्रयोगाला यश आले असता तेथेच न थांबता, आपले कारण खरे की खोटे हे मिजलीने दुसऱ्या प्रयोगाने पडताळून पाहिले.

पाच वर्षांच्या खटपटीनंतर १९२१ च्या डिसेंबरात त्याला शिशाचे एक संयुग सापडले, टेट्राएथिल लेड. चिमूटभर पुरे, आणि ठोका बंद. १९२३ पासून ते पेट्रोलात मिसळून विकले जाऊ लागले. मद्यार्कानेही ठोका थांबतो हे त्या मंडळींना ठाऊक होते. परंतु शिसे स्वस्त पडे, थोडे लागे, आणि त्याचे पेटंट घेता येई. १९२४ साली न्यू जर्सीतल्या एका शुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार वेडाच्या झटक्यांत मेले. तरीही शिसे चालूच राहिले. मोटारीच्या नळीतून ते हवेत आणि हवेतून मुलांच्या रक्तात उतरत गेले. आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र झाले ते २००० साली, आणि मोटारींना शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया थांबला तो २०२१ साली. गाडीला उत्तम मानवलेला पदार्थ माणसाला विष ठरावा, हे ह्या उदाहरणात घडले. आणि ते कळूनही निस्तरायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आता रॉकेल. आपल्याकडे त्याला मातीचे तेल म्हणतात. 'रॉकेलवर इंजिन चालते' हे विधान सर्वस्वी खरे आहे. धानाच्या बांधीला पाणी देणारे छोटे पंप ज्यांनी वापरले आहेत त्यांना हे सांगणे नको. त्या पंपाला दोन कप्पे असत. लहान कप्प्यात पेट्रोल, मोठ्यात रॉकेल. आधी पेट्रोलवर इंजिन चालू करायचे, चांगले तापू द्यायचे, मग चावी फिरवून रॉकेलवर आणायचे. बंद करतानाही शेवटी पेट्रोलवर आणूनच बंद करायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा उतरे. ह्या सगळ्या सोपस्काराचे कारण एवढेच की रॉकेलची थंडपणी वाफ होत नाही. पेट्रोल साधारण २०० अंशांच्या आत सगळे उकळून जाते. रॉकेल उकळू लागते १५० अंशांच्या पुढे आणि ते संपते ३०० अंशांच्या घरात. शिवाय त्या पंपात मिश्रण पाच-सहा पटच दाबले जाई, म्हणून कमी दमाचे रॉकेलही ठोक्यावाचून जळे.

आजच्या मोटारसायकलीत मिश्रण नऊ-दहा पट दाबले जाते. तेथे रॉकेल गेले की पहिली तक्रार ठोक्याची. दुसरी तक्रार ऐकू येत नाही, म्हणून ती अधिक वाईट. वाफ न झालेले रॉकेल नळकांड्याच्या भिंतीवरून ओघळते, तेथला ऑइलचा पातळ थर धुऊन काढते आणि खाली ऑइलच्या कुंडात जाऊन बसते. काडी बाहेर काढून पाहिली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते! मालक खूष होतो, की गाडी ऑइल खात नाही. वस्तुतः ऑइल पातळ होऊन त्याचा चिकटपणा गेलेला असतो, आणि रिंगा व बेअरिंगे झिजू लागलेली असतात. दहा-वीस रुपयांच्या बचतीचे बिल सहा महिन्यांनी मिस्त्रीकडे फाटते, आणि तेव्हा त्या दोहोंचा संबंध कोणी जोडीत नाही.

डांबरगोळ्यांचे कुळ असेच आहे. नॅफ्थलीनचा ऑक्टेन अंक चांगला आहे. पूर्वी पेट्रोल हलक्या प्रतीचे असे, तेव्हा दोन-चार गोळ्यांनी ठोका किंचित कमी होत असला तर नवल नाही. पण ज्या गाडीचा ठोका मुळातच बंद आहे तिला जास्त दमाचा उपयोग शून्य; दम म्हणजे शक्ती नव्हे. उलट नॅफ्थलीन हा घन पदार्थ. तो ८० अंशांना वितळतो, पेट्रोलात विरघळतो खरा, पण गाडी उन्हात उभी राहून कार्बुरेटरमधले पेट्रोल उडून गेले की मागे त्याचे पांढरे स्फटिक उरतात. जेटचे भोक सुईच्या अग्राएवढे असते. तेवढे भोक बुजायला कितीसे स्फटिक लागणार? आणि २०२० च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या नव्या दुचाक्यांना बहुधा कार्बुरेटरच नाही. इंजेक्टर आहे, त्याची भोके त्याहून बारीक. थिनर व अ‍ॅसिटोन ह्यांचे वेगळे. ते नळ्या आणि रबरी वायसर फुगवतात, टाकीवर थेंब सांडला तर रंग उचकटतात. ह्यापलीकडे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. काळ्या ऑइलबद्दलही नाही: त्यात धातूची कीस आणि राख असते, आणि ती गाळण्याने पूर्णपणे जात नाही.

मग इतकी शहाणी माणसे शपथेवर का सांगतात, की आमची गाडी जास्त चालली? त्यांची शपथ खोटी नसते, मोजणी खोटी असते. दोन लिटर पेट्रोल भरले आणि 'टाकी भरली' म्हणताना कडेपर्यंत पाव लिटर इकडे-तिकडे झाले, तर हिशेबात शेकडा बारा-तेराचा फरक तेथेच पडला. अर्जुनीहून साकोलीला जाताना वारा पाठीशी असला, येताना समोर असला, मागे माणूस बसलेला नसला, चाकांत हवा नुकतीच भरलेली असली, ह्या प्रत्येकाने आकडा हलतो. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे तोडगा केलेला माणूस त्या दिवशी गाडी सांभाळून चालवितो. खरी परीक्षा घ्यायची तर तोडगा घातला की नाही हे चालविणाऱ्याला कळू देऊ नये, आणि दोन्ही प्रकारे निदान पाच-पाच टाक्या त्याच रस्त्यावर चालवून पाहाव्यात. असे करणारा तोडगेवाला आमच्या पाहण्यात आलेला नाही.

ह्याहून निर्णायक असा एक साधा हिशेब आहे. 'इंधन पूर्ण जळत नाही, आमच्या द्रव्याने ते पूर्ण जळते' असा बहुतेकांचा दावा असतो. परंतु ठाकठीक असलेल्या इंजिनात शेकडा ९५ ते ९८ इंधन जळतेच. न जळलेले उरते दोन ते पाच. तेव्हा द्रव्य कितीही चमत्कारी असो, ते ह्याहून जास्त आणणार कोठून? इंजिनात खरा तोटा होतो तो उष्णतेचा. एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तिच्यातली पाव-तिजाई चाकापर्यंत पोहोचते, बाकीची नळीवाटे आणि इंजिनाच्या अंगावाटे हवेत जाते. ही गळती टाकीत काही ओतून थांबत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९७० नंतरच्या काळात अशी शंभरावर द्रव्ये आणि उपकरणे तपासली. बहुतेकांनी काहीच केले नाही. थोड्यांनी जे केले ते नगण्य.

चमत्काराची ओढ शिकलेल्यांनाही असते. १९९६ साली तमिळनाडूतल्या रामर पिल्लै नावाच्या गृहस्थाने झाडपाला पाण्यात उकळून पेट्रोल करून दाखविले, आणि देशभर वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. मोठ्या विज्ञानसंस्थांत त्याचे प्रयोग झाले. पुढे त्याच्या नावाचे इंधन विकले गेले, तेव्हा केंद्रीय अन्वेषण विभागाने पकडले. त्या द्रव्यात टोल्यूईन, नॅफ्था अशी खनिज तेलापासूनच होणारी रसायने मिसळलेली होती. २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. लोक मात्र अद्याप सांगतात, की मोठ्या कंपन्यांनी त्या गरिबाला दडपले.

डिझेलची गोष्ट थोडी निराळी, आणि आम्हांला विशेष गोडीची. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहानसे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. रुडॉल्फ डिझेलने स्वतः १९१२ साली हे नमूद केले आहे; वनस्पती-तेलांना पुढे महत्त्व येईल असेही त्याला वाटे. तेव्हा डिझेलमध्ये गोडे तेल घालणारा आपला ट्रॅक्टरवाला फार थोर माणसाच्या पंगतीला बसलेला आहे. पण त्या काळचे इंजिन धिम्या गतीचे आणि दणकट. आजचा इंजेक्टर डिझेलचे धुके करतो, तेही प्रचंड दाबाखाली. गोडे तेल डिझेलच्या सुमारे दसपट दाट. त्याचे धुके होत नाही, पिचकारी होते. ती अर्धवट जळते, इंजेक्टरच्या टोकाला कोळशाची फुले येतात, रिंगा खाचांत चिकटतात.

ह्यावर उपाय आहे आणि तो शास्त्रशुद्ध आहे. तेलात मेथॅनॉल आणि दाहक क्षार घालून त्याचे पातळ एस्टर करतात. ग्लिसरीन खाली बसते. हेच जैवडिझेल. करंजाच्या आणि मोहाच्या बियांच्या तेलावर असे प्रयोग आपल्या देशात पुष्कळ झाले आहेत. मोहाच्या तेलात मोकळी आम्ले फार, शेकडा वीसच्या घरात; त्यामुळे सरळ क्षार घातला की जैवडिझेलऐवजी साबण होतो. ते साबणाला पूर्वापार वापरतात हे काही उगीच नव्हे. म्हणून आधी आम्लाची एक पायरी करावी लागते. हिवाळ्यात हे तेल थिजते ते वेगळेच. एकंदरीत हे काम कारखान्याचे, परसातले नव्हे. मेथॅनॉल पोटात गेले वा त्याची वाफ हुंगली तर डोळे जातात, माणूसही जातो.

आता मोहाच्या पहिल्या धारेकडे वळू. मद्यार्क हे इंजिनाचे उत्तम इंधन आहे, ह्यात वाद नाही. त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर. आपल्या संसदेने १९४८ सालीच पेट्रोलात मद्यार्क मिसळण्यासंबंधी कायदा केला होता. मग अडते कोठे? अडते पाण्यावर. गावठी भट्टीतल्या कितीही कडक धारेत पाण्याचा वाटा भरपूर असतो. काडी लागून ती पेटते, कारण वरची वाफ पेटते; खालचे पाणी पेटत नसते. आणि पुन्हा पुन्हा गाळले तरी मद्यार्क वजनाने शेकडा ९५.६ च्या पुढे जात नाही, कारण त्या प्रमाणावर पाणी आणि मद्यार्क एकत्रच उकळतात. पेट्रोलात घालायला तो ९९.५ च्या वर लागतो. त्यासाठी कारखान्यांत पाण्याचे रेणू तेवढे अडकवून ठेवणारी विशेष द्रव्ये भरलेल्या उंच टाक्या असतात. पाणी असलेला मद्यार्क पेट्रोलात ओतला तर थोड्याच वेळात पाणी त्याला आपल्याकडे ओढते आणि दोघे मिळून तळाशी जातात. वर पेट्रोल, खाली पाणीदार दारू. आणि टाकीचा नळ असतो तळाला! मोहाची धार गाडीला चालत नाही ती एवढ्यासाठी. दारूबंदीच्या कायद्याखाली भट्टी लावणेच गुन्हा आहे ही गोष्ट निराळी.

ही माहिती आता केवळ गमतीची राहिलेली नाही, कारण सरकारच पेट्रोलात मद्यार्क मिसळू लागले आहे. त्याचा पहिला पडताळा २००१ साली घेतला गेला तो मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातली बरेली ह्या ठिकाणी. शेकडा दहाचे प्रमाण २०२२ मध्ये गाठले, वीसचे २०२५ मध्ये. म्हणजे आज आपण पंपावर पाच लिटर घेतो त्यात लिटरभर इथेनॉल असते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलाच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा गाडी थोडी कमी चालणार हे ओघानेच आले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या चारचाक्यांना शेकडा ६ ते ७, दुचाक्यांना ३ ते ४ इतकी घट अंदाजली आहे. इथेनॉलसाठी बनविलेल्या गाड्यांना ती त्याहून कमी. ज्यांची गाडी २०२३ पूर्वीची आहे त्यांनी रबरी नळ्या आणि वायसर अधूनमधून पाहून घ्यावेत, कारण मद्यार्काशी सगळ्याच रबरांचे जमत नाही. काही लोक ह्या घटीवर उतारा म्हणून पुन्हा डांबरगोळ्यांकडे वळले आहेत. त्यांच्याबद्दल वर लिहिलेच आहे.

धानाच्या मुलखाने ह्यातली आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. हे इथेनॉल उसाच्या मळीचेच असते असे नाही. अन्न महामंडळाच्या कोठारातला शिल्लक तांदूळ इथेनॉलसाठी देण्याला २०२० साली परवानगी मिळाली. २०२३ च्या जुलैत तो देणे थांबविले गेले, पुढे पुन्हा सुरू झाले. एका क्विंटल तांदळाचे सुमारे ४५ लिटर इथेनॉल होते. तो तांदूळ टाकीत जावा की ताटात, ह्यावर मतभेद आहेत आणि ते असणे योग्यच आहे. शिल्लक कोठारात किडून जाण्यापेक्षा बरे, असे म्हणणाऱ्यांची बाजू आम्हांला अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण शिल्लक कशाला म्हणायचे हे कोण ठरविणार, हा प्रश्न उरतोच.

आता भावाकडे. आजवर ज्या ज्या द्रव्याचा वाहनात गैरवापर मोठ्या प्रमाणावर झाला, ते ते द्रव्य इंजिनाला चांगले म्हणून वापरले गेले नाही, स्वस्त म्हणून वापरले गेले. रेशनचे रॉकेल हे त्याचे ढळढळीत उदाहरण. गरिबाच्या चुलीला आणि दिव्याला म्हणून सरकार ते स्वस्त देई. ओळख पटावी म्हणून त्याला निळा रंग देत. शेजारी डिझेल कितीतरी महाग. दोन्हींचा स्वभाव जवळचा. रॉकेल डिझेलात बेमालूम मिसळते आणि इंजिन तेथल्या तेथे बंद पडत नाही. डिझेलच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच, आणि रॉकेल ते वंगण कमी करते, म्हणून पंप झिजतो एवढेच. ही झीज ट्रकमालकाची, धूर रस्त्यावरच्या माणसाचा, आणि नफा तिसऱ्याचा. ज्याच्या शिधापत्रिकेवरचे पाच लिटर दुकानातून 'आलेच नाही' म्हणून परत पाठविले गेले, त्या बाईचा तर हिशेबात पत्ताच नाही.

हा धंदा किती खोल गेला होता ते महाराष्ट्राला २५ जानेवारी २०११ ह्या दिवशी कळले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे मनमाडजवळच्या पानेवाडी भागातून जात होते. तेथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. रस्त्याकडेला टँकरमधून चोरून तेल काढले जात असल्याचा संशय येऊन ते थांबले आणि त्यांनी चौकशी आरंभिली. भर दिवसा त्यांच्या अंगावर तेल ओतून त्यांना जाळण्यात आले. दुसरा दिवस प्रजासत्ताक दिनाचा होता. त्यापुढच्या दिवशी राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, ठिकठिकाणी धाडी पडल्या. त्याआधी २००५ साली उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी येथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम ह्यांनी भेसळीचा पंप बंद केला म्हणून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ पासून होता. कायदा असताना हे घडले, आणि २०२० पर्यंत रॉकेलवरचे अनुदान टप्प्याटप्प्याने संपले तेव्हा ह्या धंद्यातला नफाही आटला. म्हणजे धाडींनी जे पुरते साधले नाही, ते भावाने साधले. अर्थात त्या बाईच्या दिव्याचे तेलही महाग झाले, हे सांगावयास नकोच.

रॉकेलची जागा रिकामी राहिलेली नाही. २०२० नंतरच्या बहुतेक ट्रकांना आणि बसगाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी एक लहान टाकी असते, निळ्या झाकणाची. तिच्यात युरियाचे पाणी भरतात: शुद्ध युरिया शेकडा ३२.५, बाकी क्षार काढलेले पाणी. हे इंजिनात जात नाही. तापलेल्या धुरात ते फवारले जाते, युरियाचा अमोनिया होतो आणि अमोनिया धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे साधा नायट्रोजन व पाणी करतो. योजना फारच सुंदर आहे. पण युरिया म्हटला की शेतकऱ्याच्या गोणीकडे लक्ष जायचेच. अनुदानामुळे ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते, आणि एका गोणीत सव्वाशे लिटरच्या आसपास असले पाणी होते. तेव्हा बादलीत गोणी ओतून, विहिरीचे पाणी घालून, ढवळून विकणारे निघाले यात नवल नाही.

खताचा युरिया ह्या कामाला चालत नाही. २०१५ पासून तो कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेलाच मिळतो. त्या तेलाचा चिकटा फवाऱ्याच्या भोकांत बसतो. खतात बाययुरेट नावाचे अशुद्ध द्रव्य असते, विहिरीच्या पाण्यात चुना आणि इतर क्षार. ते उत्प्रेरकावर पापुद्रा धरतात. मग धूर शुद्ध होणे थांबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि कित्येक गाड्या अशा बनविलेल्या असतात की ठराविक अंतरानंतर इंजिनाचा जोरच कमी करतात. उत्प्रेरकाचा डबा बदलण्याच्या खर्चात असल्या पाण्याची कैक वर्षांची बचत बुडते. इकडे आषाढ-श्रावणात रोवणी उरकल्यावर कृषी केंद्रापुढे युरियासाठी रांग लागते, तेव्हा रांगेतल्या माणसाला सांगतात, की माल संपला.

गाडीत काय ओतावे ह्याचे उत्तर मालकाच्या पुस्तिकेत असते. पण जे विकत घेतो ते शुद्ध आहे की नाही, हे पंपावर पाहण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. तो फारसा कोणी बजावीत नाही, म्हणून थोडे सांगतो. पंपावर गाळणकागद ठेवलेला असतो आणि मागितल्यास तो फुकट द्यावा लागतो. नळीचे तोंड पुसून एक थेंब कागदावर सोडावा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते आणि डाग राहत नाही. फार तर पेट्रोलाला दिलेल्या रंगाची फिकट छटा दिसेल. तेलकट डाग राहिला तर जड तेलाची भेसळ संभवते. दुसरी परीक्षा घनतेची. अर्धा लिटरचे काचेचे नळकांडे, त्यात तरंगणारा घनतामापक आणि तापमापक ही साधने पंपावर असावीच लागतात. मोजलेला आकडा तक्त्यावरून १५ अंशांच्या तापमानाला आणतात आणि टँकर आला त्या वेळी नोंदलेल्या आकड्याशी ताडतात. फरक घनमीटरमागे ३ किलोहून अधिक पडता कामा नये. माप कमी वाटले तर पाच लिटरचे शिक्का मारलेले भांडे मागावे. चतुर भेसळ घनतेला चकवते हे खरे. तरी ग्राहक विचारतो आहे एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो, असा आमचा अनुभव आहे.

पावसाळ्यात मात्र भेसळ नसतानाही गाडी पाण्याने अडू शकते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल थोडे पाणी पोटात घेते, ती मर्यादा ओलांडली की मद्यार्क आणि पाणी तळाशी उतरतात आणि गाडी भर पावसात फुरफुरते. झाकणाचे रबर फाटलेले असेल तर ते मृगापूर्वी बदलून घ्यावे. महिना महिना उभी राहणारी गाडी असेल तर तिची टाकी अर्धी ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे रात्री पाणी होते. तरीही पाणी शिरलेच तर मिस्त्रीकडून टाकीच्या तळचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ती दहा मिनिटे उभी ठेवावी. दोन थर दिसले तर खालचा टाकून द्यावा, आणि वरचाही त्या गाडीत पुन्हा घालू नये, कारण त्याचा मद्यार्क खाली उतरून गेल्याने त्याचा दमही कमी झालेला असतो.